धुरीची टोपली

मित्रांनो, मी वेताची एक जुनी टोपली आहे. माझ्यात कधी कुणी भाजी भरली नाही की फळं ठेवली नाहीत. माझा जन्मच पालथं पडण्यासाठी झाला. हसू नका. खाली निखाऱ्यांची शेगडी, वर मी आणि माझ्या पाठीवर तान्ह्या बाळांचे कपडे, असा माझा संसार होता.

ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला विणलं, त्याने माझी वीण मुद्दाम विरळ ठेवली. धूर वर जावा, पण कपडा निखाऱ्याला टेकू नये, एवढंच त्याला पाहिजे होतं. "दिसायला काही खास नाही," असं तो मला विकताना गिऱ्हाइकाला माझ्यासमोरच म्हणाला. राग आला मला, पण तो काही खोटं बोलला नव्हता.

ते गिऱ्हाईक म्हणजे काकू. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची. कुणाच्या घरी बाळ जन्मलं की काकूंना बोलावणं यायचं. त्या निखाऱ्यांवर ओवा, लसणाच्या साली आणि कसलासा वाळका पाला टाकत आणि त्या धुरावर दुपटी, झबली शेकत. बाळंतिणीचे ओले केसही माझ्यावर पसरून सुकवत. या धुराने सर्दी-पडसं पळतं, असं सगळे म्हणत. पळतं की नाही, मला ठाऊक नाही. मी टोपली आहे, वैद्य नाही. पण काकूंचं कसब मात्र मी रोज पाहिलं. पाला टाकल्यावर पहिला धूर उग्र असतो. तो त्या जाऊ देत, नुसत्या बसून राहत. वास मऊ झाला की म्हणत, "हं, आता ठेवा." बायका म्हणत, "काकू, तुमच्या नाकाला तोड नाही हो!" काकू नको नको म्हणत आणि मनातून खुलत.

एका हिवाळ्यात काकूंना सडकून ताप आला. ताप उतरला, पण नंतर काहीतरी बिनसलं. त्या मला घाईघाईने शेगडीवर ठेवू लागल्या. पाला मूठभर जास्त पडू लागला. माझी कड करपली तरी त्यांना पत्ता नाही. वर म्हणायच्या, "वा, काय छान वास सुटलाय!" अहो, कसला छान? अंग जळत होतं माझं! काकूंना वास येणं बंद झालं होतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याच सुमारास त्यांच्या सुनेला मुलगी झाली. पोर नाजूक होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, हिला धुरात अजिबात नेऊ नका. काकूंनी ऐकलं. शेगडी मागच्या पडवीत हलवली आणि फक्त कपडे शेकायचं ठरवलं. पण त्या कपड्यांत उग्र धूर भरलेला असायचा. झबलं घातलं की पोर खोकायची, खोकून खोकून लाल व्हायची. काकू म्हणायच्या, "थंडी बाधलीय तिला," आणि दुसऱ्या दिवशी पाला दुप्पट. सून दुपटं नाकाशी नेऊन गप्प बसायची. ज्या कामासाठी गल्ली सासूला मानते, त्याच कामाला नावं कशी ठेवायची?

एका दुपारी काकू पडवीत निवांत बसल्या होत्या. माझ्या पाठीवर पोरीचं पिवळं झबलं होतं. ते मधोमध करपू लागलं. स्वयंपाकघरातून सून धावत आली.

"आई, जळतंय!"

"काही जळत नाही. तुझं आपलं काहीतरीच!"

सुनेने मला उचलून बाजूला टाकलं. झबल्याला हे एवढं मोठं काळं भोक. सुनेचा आवाज एकदम उतरला. "आई, तुम्हाला वास येत नाही का?"

"नाही गं," काकू म्हणाल्या. "तापात गेला, तो परत आलाच नाही. सांगितलं असतं तर मला कोण बोलावणार होतं?" मग त्यांनी ते झबलं हातात घेतलं. "म्हणजे पोरीला मीच खोकवत होते." आणि त्या रडल्या. सून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

संध्याकाळी कोपऱ्यावरचा शिंपी दारात आला. "काकू, मुलगा झाला! उद्या धुरीला या." काकूंना 'येते' म्हणता आलं असतं, सुनेशिवाय कुणाला कळलंही नसतं.

"नाही रे, येणार नाही," काकू म्हणाल्या. "मला वास कळत नाही आता. कपडे उन्हात घाल आणि बाळाला धुरापासून लांब ठेव."

शिंप्याला वाटलं, काकू थट्टा करताहेत. म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्याने, समोरच्या ओट्यावर बसलेल्या बायकांनाही ऐकू जाईल असं.

त्यानंतर काकूंना कुणी बोलावलं नाही. शेगडी माळ्यावर गेली. मी उन्हात पालथी असते, माझ्यावर झबली वाळतात. ती वाळली की नाही, हे काकू हाताने चाचपून बघतात. पोरीचा खोकला हळूहळू कमी झाला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी सांगणार होते. पण ते राहू द्या. तुमच्या घरात कुणी भाजीत दोनदा मीठ घालत असेल, हाक मारली तरी वळून बघत नसेल, तर हसू नका आणि गप्पही बसू नका. जवळ बसून विचारा. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.