चौथीच्या वर्गाचे शंभर टक्के

पांढरा प्लॅस्टिकचा सॉकेट नवा असताना अगदी गुळगुळीत असतो. रोज प्लग घातला-काढला की त्याच्या भोकांभोवती बारीक राखाडी ओरखडे उमटतात. लहान मुलांचा नेम चुकतो, पिना आधी इकडेतिकडे घासतात, म्हणून शाळेतल्या सॉकेटवर ते जरा जास्तच असतात. चौथीच्या वर्गात भिंतीलगत असे चौतीस सॉकेट होते. अठ्ठावीस ओरखडलेले. सहा कोरे.

चौथीच्या बाईंना हे केव्हाच दिसले होते. त्या विज्ञान शिकलेल्या. मोजणे हा त्यांचा स्वभाव होता. पण मोजलेले कुणाला सांगायचे नाही, हे त्यांनी गेल्या तीन महिन्यांत स्वतःला शिकवले होते.

यंदा शाळेने नियम केला होता, की चौथीच्या प्रत्येक मुलाने स्वतःचा संगणक घेऊन वर्गात यायचे. हजेरी संगणकावर, स्वाध्याय संगणकावर. तास संपायच्या आत उत्तरे गेली नाहीत, की मुलाच्या नावापुढे लाल अक्षरांत ‘गैरहजर’ उमटायचे. वर्गात समोर बसलेले, शिंका देणारे, खोडरबर मागणारे मूल गैरहजर!

ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांच्यासाठी कार्यालयात आठ संगणक ठेवलेले होते. पण ते हवे असतील तर ‘गरजू विद्यार्थी’ अशी यादी करून ती सूचनाफलकावर लावायची होती. सहा लहानग्यांची नावे काचेमागे टाचायला बाईंचा हात धजेना. त्यांनी दुसरा मार्ग काढला. त्या सहा जणांनी उत्तरे वहीत लिहायची आणि बाईंनी ती आपल्या संगणकावरून, त्यांच्या नावाने भरायची.

पहिले काही दिवस त्यांनी वहीतली प्रत्येक चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवली. मग वेळ पुरेना. तास संपायला चार मिनिटे उरली, की सहा वह्या उघडण्याऐवजी त्या स्वतःच बरोबर उत्तरांवर खुणा करू लागल्या. सहा मुलांचे लाल शेरे गेले. वर्गाची टक्केवारी शंभर झाली. मुख्याध्यापकांनी आकडा मोठ्या अक्षरांत छापून प्रवेशद्वाराशी लावला, आणि बाई मूग गिळून बसल्या.

पालकसभेच्या दिवशी मधल्या सुट्टीत वायरमनकाका वर्गात आले. साठीला आलेले, कानावर पेन्सिल, कमरेला पक्कड.

“पहिली ते तिसरीत शंभर सॉकेट बसवायला सांगितलेत बाई. म्हटलं, आधी तुमच्या वर्गाचा विजेचा भार बघावा.” त्यांनी सकाळी तारेला लावून ठेवलेला मीटर काढून डोळ्यांजवळ धरला. “कागदावर चौतीस यंत्रं. हा मीटर तेवढं म्हणत नाही. बाकीची काय हवा खाऊन जगतात?”

काका भिंतीलगत वाकून फिरले. “आणि हे सहा तर आत्ताच पाकिटातून काढल्यासारखे! मोजण्यात माझी चूक होतेय, की आणखी कुणाची?”

“चूक माझी आहे काका,” बाई म्हणाल्या, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी सगळे सांगून टाकले.

काका मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीपर्यंत आले.

“माझं अर्धं आयुष्य लोकांच्या फ्यूजमध्ये गेलं,” ते म्हणाले. “फ्यूज उडाला की घरातली माणसं वैतागतात. मग एखादा हुशार निघतो आणि फ्यूजच्या जागी जाड तार आवळतो. आता काही झालं तरी दिवा जात नाही. घरचे खूश! आणि भिंतीच्या आत वायर तापत असते.”

“मी मुलांसाठी केलं हो. त्यांना लाज वाटू नये म्हणून.”

“ती तारही चांगल्या मनानंच घालतात. घर जाळायला कोण घालतं? बाई, तो लाल शेरा म्हणजे फ्यूज होता. तो सरांच्या डोळ्यांसमोर उडायला हवा होता! चौथीतली मुलं गैरहजर का दिसतात, हे त्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं. तुम्ही विचारायची वेळच येऊ दिली नाहीत. ते ऑफिसातले आठ संगणक परवा मीच खोक्यात भरून दिले. सर म्हणाले, मागणीच नाही. गेले संस्थेच्या दुसऱ्या शाळेत.”

“गेले?”

“गेले. आणि आजच्या पालकसभेत सर पहिलीपर्यंत हाच नियम लावतायत. तुमच्या शंभर टक्क्यांच्या जोरावर.”

“आता सांगितलं तर माझी नोकरी जाईल.”

काकांनी पेन्सिल कानावरून काढली आणि पुन्हा तिथेच ठेवली. “जाईलही. माझी जाणार नाहीये, म्हणून मला बोलायला सोपं आहे.”

“उद्या सांगते,” बाई म्हणाल्या. हेच त्या स्वतःला रोज सांगत आल्या होत्या.

दुपारी त्या सहांपैकी एका मुलीची आई आली. वर्गात त्या मुलीला सगळे ‘प्रश्नपेटी’ म्हणत. वर्ष सुरू झाले तेव्हा ती दिवसाला वीस-बावीस प्रश्न विचारायची. “बाई, शून्य म्हणजे काहीच नाही, तर मग त्याला आकडा का म्हणायचं?” “बाई, सावलीला वजन असतं का?” बाई कौतुकाने मोजत. मग प्रश्न दहावर आले, मग दोनवर. शेवटचा प्रश्न चाळीस दिवसांपूर्वीचा होता. शेजारच्या मुलाच्या पडद्यावर हिरवी खूण उमटलेली पाहून तिने हळूच विचारले होते, “बाई, मी आज आहे का?”

“आहेस गं. मी लावलीय तुझी हजेरी,” बाई घाईत म्हणाल्या होत्या. त्यानंतर प्रश्नपेटी उघडलीच नव्हती.

तिची आई इस्पितळाच्या धुलाईघरात काम करायची. वाफेने तिच्या बोटांची कातडी सुरकुतून पांढरी पडली होती. त्या बोटांनी तिने एक अर्ज पुढे केला.

“बाई, पोरीचा दाखला द्या. काढून घेते शाळेतून.”

“दाखला? का हो?”

“येतच नाही म्हणते. आज हाताला धरून आणलीय, तर फाटकाशी बसलीय, आत पाऊल टाकत नाही.” तिने पिशवीतून प्रगतिपत्रक काढले. टायपिंग: उत्तम. सहभाग: उत्तम. “हे आलं तेव्हा मी चाळीत सगळ्यांना दाखवत सुटले. आणि ही हमसून हमसून रडायला लागली. म्हणे, ही मी नाही. म्हणे, बाईंच्या संगणकात माझ्या नावाची दुसरी मुलगी आहे. ती कधी चुकत नाही. बाईंचं तिच्यावर भागतं, मग मी कशाला जाऊ?” तिचा आवाज फाटला. “बाई, खरं सांगा, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय का हो? समजावून थकले, मारलंसुद्धा मी तिला. आता मला काही सुचत नाही.”

पोरीच्या डोक्याला काहीही झाले नव्हते. साऱ्या शाळेत ती एकटीच अचूक बोलत होती. बाईंना हे ठाऊक होते आणि ते या आईला, या क्षणी सांगायला हवे होते.

“सभा झाली की देते,” एवढेच त्या पुटपुटल्या.

“थांबते मी. अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय.”

सभागृह भरले होते. प्रश्नपेटीची आई मागे भिंतीला टेकून उभी होती. अर्ज तिने दोन्ही हातांत धरला होता. लेक अखेर आली होती, पण दाराबाहेर, पाठ करून. वायरमनकाका कोपऱ्यात ध्वनिक्षेपकाची तार धरून बसले होते.

“आपल्या चौथीत शंभर टक्के मुलं स्वतःच्या संगणकावर शिकतात!” मुख्याध्यापक म्हणाले. टाळ्या झाल्या. “शंभर टक्के! एकाही पालकाची तक्रार नाही, गरजूंच्या यादीत एकही नाव नाही. म्हणून पुढच्या सत्रापासून हाच नियम पहिलीपासून. या बाई, या यशाचं गुपित जरा सांगा सगळ्यांना.”

बाई उठल्या. ध्वनिक्षेपकापर्यंत नऊ पावले होती. वाचकहो, अशी नऊ पावले आपल्यालाही कधी ना कधी चालावी लागतात. कुणाची लाज राखायची म्हणून आपण एक लहानसे खोटे लिहितो. ते खोटे सोयीचे ठरते, मग त्याचा आकडा होतो आणि त्या आकड्यावर नियम उभे राहतात. गरज झाकल्याने मिटत नाही. ती मोजायची तेवढी राहून जाते. आणि जे मोजलेच जात नाही, त्याची जबाबदारी कुणावरही येत नाही.

“शंभर टक्के खोटे आहेत,” बाई म्हणाल्या.

सभागृहात खुर्च्या करकरल्या.

“माझ्या वर्गात अठ्ठावीस मुलं संगणक आणतात. सहा आणत नाहीत, कारण त्यांच्याकडे नाहीत. त्यांची हजेरी मी लावली. त्यांची उत्तरं मी दिली. त्यांना मिळालेला प्रत्येक ‘उत्तम’ माझा आहे. ती मुलं तीन महिने माझ्यासमोर बसून होती आणि मी त्यांना काही शिकवलं नाही.”

“बाई!” मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. “हे आपण माझ्या खोलीत बोलू.”

“नको सर. खोलीत गेलं की मी पुन्हा गप्प बसेन. मला माझी खात्री नाही.”

पुढच्या रांगेतले एक वडील ताडकन उठले. “म्हणजे आम्ही पोटाला चिमटा काढून संगणक घेऊन दिले, त्यात आमच्या मुलांचा काय दोष?”

“काहीच नाही. तुमचा मुलगा गुणी आहे. पण शेजारच्या मुलीनं बघू नये म्हणून तो पडद्यावर हात धरून बसतो. पहिल्या आठवड्यात तो असं करत नव्हता. हे त्याला कुणी शिकवलं नाही, माझ्यादेखत तो आपोआप शिकला!”

ते वडील हळूच खाली बसले.

मागे प्रश्नपेटीच्या आईने अर्ज छातीशी घट्ट धरला होता. तिच्या डोळ्यांत राग होता, रास्त राग, आणि तो बाईंवरच होता. बाईंनी नजर वळवली नाही. दारात दोन वेण्या दिसू लागल्या होत्या. मुलगी वळून आत पाहत होती.

“दारातल्या त्या मुलीनं मला विचारलं होतं, मी आज आहे का म्हणून. मी तिला खोटं उत्तर दिलं.” बाईंचे शब्द आता अडखळत नव्हते. “सर, ते आठ संगणक परत मागवा. एकेकाभोवती चार-पाच मुलं बसतील, आळीपाळीनं शिकतील. मला कामावरून काढायचं असेल तर काढा, त्याचं पत्र मी घेईन. पण जोवर मी त्या वर्गाची बाई आहे, तोवर माझा निर्णय ऐका. उद्यापासून चौथीच्या वर्गात कुणीही घरून संगणक आणायचा नाही!”