लाल डोळ्यांचं मला ठाऊक होतं

मित्रांनो, मी हेल्मेट आहे, पण दुचाकीवरून मिरवायचं भाग्य माझं नाही. मी वेल्डिंगचं जुनं हेल्मेट. उमेदीची वर्षं मिरजोळ्याच्या एमआयडीसीत ग्रील आणि फाटकं करण्यात गेली. कारागीर माझं कौतुक करायचे. पुढे पट्टा सैल झाला तशी माझी रवानगी रत्नागिरीतल्या एका आयटीआयमध्ये झाली. तिथे मुलं आधी नवी हेल्मेटं पळवायची. मी खुंटीवरच.

दर्शना मात्र रोज मलाच उचलायची. मला वाटलं, चला, कुणाला तरी माझी किंमत कळली! चांगलंच फसलं मी. मी सर्वांत मोठं, माझ्याआड तिचा अख्खा चेहरा झाकला जायचा, एवढंच. काच खाली केली की ती रडायची. हुंदका नाही, आवाज नाही. हातातला रॉड तेवढा सरळ चालायचा.

डोळे लाल दिसले की आमचे विनोद सर ओरडायचे, "परत काचेशिवाय वेल्डिंगच्या उजेडाकडे बघितलंस ना गो? सांगून सांगून घसा सुकला माझा!" मग डोळ्यांत थेंब घालायचे, बटाट्याच्या चकत्या ठेवायला लावायचे. वेल्डिंगच्या वर्गात लाल डोळ्यांना दुसरं कारण असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. ती मुकाट्याने बोलणी खायची. सर, काच खालीच होती, असं मला ओरडून सांगावंसं वाटे. कारण माझ्या आत ती एकदा पुटपुटली होती, "आता नको वाटतं जगायला." त्या दिवसापासून मी धास्तावलेलंच होतं. तिने मला खुंटीवर अडकवलं की वाटायचं, उद्या येईल ना ही?

एके दिवशी सकाळपासून वीज नव्हती. वेल्डिंग बंद. तरी दर्शना मला घालून कोपऱ्यात बसली होती. सरांनी मला हलकेच वर केलं आणि ते थबकलेच.

"आज तर लाईट नाय. मग डोळे कशाने लाल? काय झाला गो?"

"काय झालाच नाय, सर. म्हणून तर सांगता येत नाय. घरी सगळी बरी आहेत. मलाच जगावंसं वाटत नाय."

"मग डॉक्टरकडे जाऊया."

"नको, सर! गावात कोण जरा बिथरला की हसतात, याला रत्नागिरीला न्या म्हणतात, वेड्यांच्या इस्पितळात. मी तर इथेच शिकतंय. तोंड कसा दाखवू?"

सर तिच्यासमोर फरशीवरच बसले. "आणि मी आपला थेंब घालत बसलो," ते म्हणाले. "चल. मी येतो बरोबर. उद्या नाय, आत्ता."

याला दोन महिने झाले. दर गुरुवारी ती डॉक्टरांकडे जाते. कधी बरी असते, कधी दिवसभर बोलत नाही. परवा तर "मी येत नाय आता" म्हणून अडूनच बसली. सर रिक्षा थांबवून अर्धा तास उभे राहिले, तेव्हा निघाली. ती पुरती बरी होईल का, मला ठाऊक नाही. मला अजून भीती वाटते.

मित्रांनो, माझं काम डोळे वाचवायचं. मी मात्र तिचं रडणं लपवत राहिलं, आणि ते मला फार लागलं आहे. ठिणग्या उडतील तेव्हा मला जरूर घाला. रडू येईल तेव्हा आधी मला उतरवा.