निळीचं गाणं

आमच्या रंगाच्या कारखान्यात घड्याळ होतं, पण ते जेवणाच्या सुट्टीपुरतं. कापड निळीच्या हौदात किती वेळ बुडवायचं, ते सासूबाईंच्या गाण्यावर ठरायचं. बहिणीला भेटायला नदीपलीकडे निघालेल्या बाईचं ते जुनं गाणं. ते कुणाला येत नाही? सासूबाई त्याची पाच कडवी म्हणायच्या आणि पाचवं संपलं की कापड वर. आधी हिरवट दिसणारं कापड वारा लागला की बघता बघता निळं व्हायचं. त्या निळ्यासाठी गिऱ्हाइकं लांबून यायची.

मग सासूबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. तोवर मी पुढचं दुकान सांभाळायचे, हौदाकडे फिरकायचेही नाही. आता ते काम माझ्याकडे आलं. मी माहेरी शिकलेलं गाणं म्हटलं, कापड वर काढलं, तर निळं कसलं, धुऊन धुऊन विटल्यासारखं. आमच्याकडे त्या गाण्याला तीनच कडवी. बाई नदीवर पोचते आणि गाणं संपतं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. माझ्या माहेरचं सगळं त्यांना पहिल्यापासून अर्धवट वाटायचं, आणि ते सांगायला त्यांना आवाजाची गरज नव्हती.

सासूबाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून पुढची दोन कडवी नवऱ्याला विचारली. जन्मभर ऐकूनही त्याला एक ओळ धड आठवेना. त्यानं सरळ मोबाइलवर गजर लावला. रंग अगदी हवा तसा आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

सासूबाई मात्र हौदापाशी यायच्या बंद झाल्या. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या, ताटातलं अर्धं तसंच ठेवायच्या. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. मला वाईट वाटलं. इतकी भांडणारी बाई गप्प झाली की घर खायला उठतं.

शेवटी ती दोन कडवी शिकायला मी त्यांच्या धाकट्या बहिणीकडे गेले. मावशी हसायलाच लागल्या.

"ती गाण्यात कुठे आहेत? ताईसुद्धा तुझ्यासारखी तीनच म्हणायची. नवी नवरी होती, कापड फिकं निघालं, सासूनं झापलं. मग हौदापाशी उभं राहून तिनंच पुढचं रचलं."

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना हाताला धरून हौदापाशी आणलं, स्टुलावर बसवलं आणि नवऱ्याला मोबाइल खिशात ठेवायला सांगितलं. तीन कडवी झाली. बाई नदीवर पोचली. कापड अजून हौदातच होतं. मग तोंडाला आलं ते म्हटलं:

नावाडी पुसे, एकटीच का गं बाई?
मागून येते सासू माझी, तिला कुठली घाई!
पाणी गार, नाव जुनी, काही पसंत नाही...

सासूबाईंचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. त्यांच्याकडे बघत मी सुचेल ते जोडत राहिले.

"अगं, कापड!" नवरा म्हणाला.

कापड काळपट निघालं. मी या घरात आल्यापासून सासूबाईंच्या हातून एकही कापड बिघडलं नव्हतं. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. त्यांनी ते उचललं, निरखलं आणि बाजूला टाकलं. मग स्वतः उठून नवं कापड हौदात सोडलं आणि माझ्याकडे बोट करून खूण केली, म्हण.