कानाला स्क्रू ड्रायव्हर

दिलीपरावांनी लेकीबद्दल एक थाप मारून ठेवली होती, आणि थाप एकदा मारली की तिला जन्मभर पोसावं लागतं. अनुया युगांडात युएनच्या प्रोजेक्टवर आहे, असं ते कॅनडात, स्कारबरोतल्या सगळ्या मराठी मंडळींना सांगत. खरं म्हणजे ती तिथल्या एका खेड्यात, मिशनच्या हॉस्पिटलात नर्स होती. इंजिनिअरची मुलगी नर्स, आणि तीही मिशनऱ्यांकडे. मंडळातल्या राजनला हे कळलं असतं, तर त्याने संध्याकाळपर्यंत तिचा बाप्तिस्माही उरकून टाकला असता. अनुयाने धर्मबिर्म काही बदलला नव्हता. सकाळी मिशनमधल्या नन, म्हणजे सिस्टर लोकांबरोबर प्रार्थना गायची आणि ड्यूटीवर जाताना रामरक्षा म्हणायची, आणि तिथे कुणाची त्याला ना नव्हती. हरकत होती ती फक्त स्कारबरोत.

एप्रिल २०२०मध्ये युगांडाला कुलूप लागलं. गाड्या बंद, मोटरसायकली बंद, चर्चसुद्धा बंद. सिस्टर अंगणात दोन-दोन मीटरवर उभं राहून प्रार्थना करत, आणि पेशंट सायकलच्या कॅरियरवर बसून येत. इकडे दिलीपराव अकरा दिवस फोनला चिकटून होते. कॅनडाच्या लोकांना परत आणणाऱ्या विमानात त्यांनी अखेर लेकीसाठी एक सीट मिळवली. पहाटे प्रवासाचा सरकारी पास असलेली गाडी तिला न्यायला येणार होती. अट एकच: आज दुपारी बारापर्यंत होकार कळवायचा. पुढचं विमान कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

नऊ वाजता त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. काय बोलायचं ते त्यांनी वॉशरूमच्या आरशासमोर पाठ केलं होतं.

"अहो, रागावू नका. नुसतं ये म्हणा," अरुणाताई म्हणाल्या. मुलगी युगांडाला गेल्यापासून त्यांना धड झोप नव्हती.

अनुया स्क्रीनवर आली ती घामाघूम.

"बाबा, कान्ट टॉक. ऑक्सिजनचं मशीन गेलंय. दोन वर्षांचं बाळ आहे, न्यूमोनिया. सिलिंडर रात्रीपर्यंत पुरेल, दॅट्स इट. मेकॅनिकला सोमवारपर्यंत पास नाही."

दिलीपरावांचं पाठांतर तिथेच संपलं.

"मशीन चालू होतंय?"

"होतंय, पण हवा येत नाहीये. फिल्टर क्लीन केला."

जवळच्या वॉन गावातल्या कम्प्रेसर फॅक्टरीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. घर गरम ठेवणारा फर्नेस कुरकुरला, की बेसमेंटमध्ये जाऊन ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवत आणि मूठ कानाच्या हाडाला. आतलं सगळं ऐकू येतं. शेजारी आठ-दहा वर्षांची अनुया आपली पाळी यायची वाट बघत उभी असे. ही इंजिनिअर होणार, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. ती नर्सिंगला गेली, तेव्हा ते दोन महिने तिच्याशी नीट बोलले नव्हते.

"अनू, एक स्क्रू ड्रायव्हर घे."

"घेतलाय," ती म्हणाली. मूठ आधीच कानाला होती आणि डोळे मिटलेले. इकडे दिलीपरावांनीही डोळे मिटले.

"दोन पिस्टन आहेत ना? एकच ढकलतोय. दुसरा नुसता फुस्स करतोय."

"सील फाटलंय. दुसरं जुनं मशीन आहे का कुठे?"

स्टोअररूममध्ये मोटर जळालेलं एक पडलं होतं. सिस्टर ग्रेसने ते फरफटत आणलं. दोघींनी दोन्ही यंत्रं उघडली. काढलेले स्क्रू अनुयाने, न सांगता, ट्रेमध्ये ओळीने मांडले. अरुणाताई घड्याळाकडे बघत होत्या. दहा वाजले, अकरा वाजले.

"आता सील बसव. कड खाली," दिलीपराव म्हणाले.

अनुयाचा हात थांबला.

"नो, बाबा. कड वर. ज्या बाजूला प्रेशर, त्या बाजूला कड. तूच शिकवलंस."

 तिचंच बरोबर होतं. घाईत त्यांनी उलटं सांगितलं होतं, आणि तसं बसवलं असतं तर रात्री बाळाला हवा मिळाली नसती. त्यांच्या हाताखाली वीस-वीस वर्षं काम केलेल्यांनी त्यांना कधी अडवलं नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला.

"कड वर," ते म्हणाले. "माझं चुकलं."

साडेअकराला यंत्र सुरू झालं. अनुयाने पुन्हा स्क्रू ड्रायव्हर लावला आणि हसली. "दोन्ही ढकलतायत." बाळाच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा चौऱ्याऐंशीवरून अठ्ठ्याऐंशीवर गेला, मग हळूहळू त्र्याण्णववर. सिस्टर ग्रेस खुर्चीत बसून तोंडातल्या तोंडात प्रार्थना गुणगुणू लागली.

"बाबा, तू फोन कशाला केला होतास?"

बाराला दहा कमी होते. त्यांनी अरुणाताईंकडे पाहिलं. त्या रडत होत्या, पण त्यांनी 'नको बोलावू' अशी मान हलवली. ती मान हलवणं त्यांना किती जड गेलं, ते दिलीपरावांना दिसलं.

"तुझ्यासाठी विमानात सीट मिळाली होती," ते म्हणाले. "आता दुसऱ्या कुणाला तरी मिळेल."

 मास्कच्या वर अनुयाचे डोळे भरले होते.

"जेवलीस का?" अरुणाताईंनी विचारलं.

दिलीपरावांनी विमानाच्या ऑफिसला फोन करून सीट सोडली. कारण काय लिहू, असं पलीकडच्या बाईने विचारलं. "शी इज ऑन ड्यूटी," ते म्हणाले, आणि बाईने लिहून घेतलंय ना, याची दोनदा खात्री करून घेतली.

संध्याकाळी मंडळाची झूमवर बैठक होती. राजन वाटच बघत होता.

"काय दिलीपराव, युएनने लेकीला परत पाठवलं की नाही?"

दिलीपरावांनी म्यूट काढला. शेजारी अरुणाताई पदर सावरून ताठ बसल्या.

"युएन नाही रे. मी थाप मारत होतो. मिशनच्या हॉस्पिटलात नर्स आहे ती," ते म्हणाले. "आज तिने माझी चूक काढली."