चौसष्ट जीबीतले नवरदेव

माझ्या फोनमध्ये चारशे बारा नवरदेव आहेत आणि गेल्या बुधवारी चारशे तेरावा आत शिरेना. मूर्तिजापूरच्या एका गृहस्थांनी मुलाचे फोटो पाठवले, तर फोन म्हणतो जागा नाही. मी तो बंद करून चालू केला, दोनदा पदराने पुसला, तरी तेच.

मी जयवंता. अकोल्यात राहते, पोस्टातून निवृत्त झाले आणि अकरा वर्षांपासून लग्नं जुळवते. कोणाकडून काही घेत नाही, म्हणून कोणाचं ऐकूनही घेत नाही. माझा नियम एकच, लग्न झालं की त्या मुलाची सगळी माहिती पुसून टाकायची. नियम चांगला आहे, तो वापरायची वेळ तेवढी फार कमी येते. मुली बहुतेक पंधरा दिवसांत जातात. मुलं येतात ती राहतात. शेतकऱ्याला मुलगी द्यायची नाही म्हणणाऱ्या बापांमध्ये स्वतः शेतकरी किती आहेत हे मोजायला बसले तर माझं डोकं फिरतं, म्हणून मी मोजत नाही.

राहिलेल्यांमध्ये सगळ्यात जुना शेखर, माझा सख्खा भाचा. तेल्हाऱ्याला सात एकर, कापूस आणि तूर, वय छत्तीस. माझ्या बहिणीला, पार्बताला, मी शब्द दिला होता की वर्षभरात तुला सून आणून देते. त्याला दहा वर्षं झाली. पूर्वी ती दर फोनला विचारायची. आता विचारत नाही, आणि तेच मला जास्त लागतं. बाकीच्या चारशे अकरांचं काय व्हायचं ते होवो, शेखरचं जमवल्याशिवाय मी हे काम सोडणार नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

रविवारी अमरावतीला वधू-वर परिचय मेळावा होता. मेळाव्यात फोन काही कामाचा नाही. मुलीच्या आजोबांच्या हातात गेला की ते चष्मा शोधतात, मग अंगठा कुठंतरी लागतो आणि त्यांना दाखवायचा डॉक्टर बाजूला राहून पानटपरीवाला समोर येतो. म्हणून ठरवलं, मोठ्या पडद्याचा टॅबलेट घ्यायचा. शुक्रवारी शेखरला बोलावून घेतलं. तो तेल्हाऱ्याहून मोटरसायकलवर आला आणि आम्ही टिळक रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानाचा मालक विपुल, तिशीतला, फार हसतमुख.

"किती जीबीचा देऊ काकू? चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, का दोनशे छप्पन?"

"चौसष्ट."

"आता फोन कितीचा हाये?"

"एकशे अठ्ठावीसचा."

"अन् तो भरला?"

"भरला म्हणून तं आली."

"भरलेल्याच्या अर्ध्या मापाचा पाहिजे तुमाले?"

"व्हय."

विपुलने शेखरकडे पाहिलं. शेखरने पंख्याकडे पाहिलं. मग विपुलने फार सौम्यपणे विचारलं की त्यात ठेवायचं काय आहे.

"नवरदेव," मी म्हणाले.

मग सगळं समजावून सांगावं लागलं. पूर्वी एका मुलाला एक फोटो आणि एक कागद पुरायचा. आता मुलीच्या बापाला व्हिडिओ लागतो. घर दाखवा, ट्रॅक्टर दाखवा, न्हाणीघरात गिझर आहे का दाखवा. विहीर दाखवा, तीही नुसती नाही, मोटर चालू करून पाण्याची धार दाखवा. मागच्या उन्हाळ्यापासून तर गावापासून डांबरी सडकेपर्यंतचा रस्ता गाडीवर बसून काढलेला मागतात, खड्डे मोजायला. हा रस्ता एकेकाचा अकरा-अकरा मिनिटांचा असतो. मी स्वतः असे किती रस्ते पाहिले असतील देवाला माहीत. माझी मान अवघडते.

विपुलने कॅल्क्युलेटर काढलं. "एका नवरदेवाचे तीनशे एमबी धरू. चारशे बाराचे झाले एकशे तेवीस जीबी. चौसष्टमधी कंपनीचंच सामान आधी बसलेलं असते, तुमच्या हाती पन्नासच्या आसपास राह्यते. बरं, दरसाल नवे किती येतात?"

"ऐंशी."

"अन् जातात किती?"

मी पदर सारखा केला. "बारा. एखांद्या साली तेरा."

त्याने पुन्हा बोटं चालवली. "मंग काकू, दोनशे छप्पनबी पाच-सहा वर्षांत भरते. पाचशे बाराचा मागवून देऊ का?"

माझा पारा चढला. "भाऊ, तू टॅबलेट इकून राहिला का शाप देऊन राहिला?"

तो बिचारा गोंधळला. पण माझं म्हणणं सरळ होतं. या मुलांच्या आयांना मी दर तुळशीच्या लग्नाला सांगते की औंदा नक्की. आणि इथे दुकानात उभी राहून पाच वर्षं पुरेल एवढी जागा विकत घेऊ? म्हणजे हे सगळे पाच वर्षं बसूनच राहणार, असं माझ्याच तोंडाने कबूल केल्यासारखं. त्यात शेखर शेजारच्या स्टुलावर. त्याच्यादेखत मी दोनशे छप्पन मागणं म्हणजे त्याला एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत जागा राखून ठेवणं. चौसष्ट घेतला तर मला घाई तरी राहील.

"क्लाउडवर ठेवा मंग," विपुल म्हणाला.

"लोकायची पोरं हायेत ते. मी त्यायले अशी कुठंबी ठेवत नाही."

"मंग जुनं काढा. दुसरा इलाज नाही." त्याने माझा फोन काउंटरवरच्या कॉम्प्युटरला जोडला आणि सगळ्यात जास्त जागा खाणारा वर येईल असं काहीतरी केलं. सगळ्यात वर नाव आलं, शेखर. चार जीबी. विपुलने शिट्टीच घातली. "हा कोण हो काकू? एकटाच तेरा जणांची जागा खाऊन राहिला."

मी काही म्हणायच्या आत त्याने ते उघडलं. पडद्यावर शेखर आला, सव्वीस वर्षांचा, दुसऱ्याच्या लग्नातला मागून आणलेला कोट घालून. मग अठ्ठावीसचा, गॉगल लावलेला, कारण मीच म्हटलं होतं की लाव. तिशीतला ट्रॅक्टरवर. मग मिशी ठेवलेला, मग मिशी काढलेला. कपाळ दरवर्षी थोडं थोडं मोठं होत गेलेलं. यंदाच्या फोटोत टोपी. प्रत्येक वर्षाची वेगळी विहीर, म्हणजे विहीर तीच, पाणी वेगळं. विपुल हसत होता. हसता हसता त्याची नजर स्टुलावर गेली आणि त्याने माउसवरचा हात काढून घेतला.

शेखर उठून पडद्याजवळ आला. बराच वेळ त्याने ते फोटो पाहिले.

"मले काढून टाक मावशी," तो म्हणाला. "तेवढीच जागा होते."

"तोंड सांभाळ. येड्या बैताडावानी बोलू नको."

"गंमत नाही करत. खरंच काढ."

"एवढ्यात हरला का तू? छत्तीस म्हणजे काही वय नाही."

"लग्नाले नाही म्हणत नाही मी. दर रैवारी कोणाच्या तरी बापाले हीर दाखवाचा मले कंटाया आला. मोटर चालू करा, मोटर बंद करा. मागं एक जण आले होते, त्यायनं कडब्याची गंजीबी मोजली. मले एक शब्द इचारला नाही. मी तिथंच उभा होतो, बादली धरून." मग तो माझ्याकडे वळला. "त्यायचं सोड. तूबी नाही इचारलं कधी."

हे मात्र मला झोंबलं. दहा वर्षं या पोरासाठी मी चपला झिजवल्या आणि हा मला सुनावतो. मी तावातावाने त्याचा बायोडाटा उघडला, म्हटलं दाखवतेच याला, अपेक्षा म्हणून रकाना असतो तो. रकाना होता. त्यात लिहिलं होतं, अनुरूप. मीच लिहिलं होतं. खालच्या चारशे अकरा जणांनाही मीच लिहिलं होतं, तोच शब्द.

"अनुरूप म्हणजे काय असते?" शेखरने विचारलं. "मले अजून समजलं नाही."

मला लाज वाटली. दुकानात, विपुलसमोर, इतकी लाज वाटली की क्षणभर मला काउंटरखालचे चार्जर बघावेसे वाटले. मग मी विपुलला म्हटलं, तो चौसष्टचा खोल, आणि एक स्टूल दे. नवा टॅबलेट मांडीवर घेतला.

"सांग," मी शेखरला म्हणाले. "तुले कशी पाहिजे?"

आधी तो लाजला. चहा आला, तो त्याने बशीत ओतून थंड केला. मग बोलला.

"जिले बोलाले आवडते अशी. आमच्या घरी तिघं जेवाले बसतो तं ताटावर तीन शब्द होतात, भाकर, घे अन् पुरे. नौकरी करत असन तं करो, मले काही नाही. स्वयंपाक मले येते, पिठलं आईपेक्षा बरं करतो, पण आईले सांगजो नको. सिनेमा पाहाले जाऊ कधीमधी. वावर मी सोडणार नाही, हे मात्र पह्यलेच सांगून देजो. अन् माही हीर पाहून कोणी व्हय म्हणत असन, तं ते नको."

मी एका बोटाने लिहीत गेले. एखादं अक्षर सापडेना की विपुल वाकून दाखवायचा. तो जसं बोलला तसंच लिहिलं, सुधारलं नाही, हा माझा स्वभाव नाही तरी. लिहून झाल्यावर विपुल म्हणाला की याला जागा म्हणून लागतच नाही, असे हजारो बसतील.

"मंग विहिरी काढ," मी म्हणाले.

"कोणाच्या?"

"साऱ्यायच्या. विहिरी, ट्रॅक्टर, गिझर, सडका. एकेक फोटो अन् बायोडाटा राहू दे, तो याच्यात टाक."

त्याने तीनदा विचारलं, पक्कं ना काकू. तिसऱ्यांदा मी ओरडले. जाताना मोटरसायकलवर शेखर शीळ वाजवत होता. त्याला शीळ येते हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी दिवसभर फोन लावत बसले. तुला कशी मुलगी पाहिजे, हा एकच प्रश्न. एकतीस जणांपर्यंत पोचले. त्यातल्या एकोणीस जणांनी आधी विचारलं, मावशी, तब्येत बरी हाये ना? वरूडचा एक संत्र्याच्या बागेतून बोलत होता, त्याने पाच मिनिटं मागून घेतली आणि पाऊण तासाने फोन करून इतकं सांगितलं की माझं बोट दुखलं.

रविवारी अमरावतीच्या मेळाव्यात माझी फजितीच झाली म्हणायची. बाप येत, टॅबलेट पाहून खूश होत, आणि विचारत, विहिरीचा व्हिडिओ? मी म्हणे, नाही. रस्ता? नाही. मग हे काय, नुसतं लिहिलेलं? दुपारपर्यंत चौदा जण उठून शेजारच्या टेबलावर गेले. तिथे नत्थुजी म्हणून लग्नं जुळवणारे दुसरे एक जण बसतात, त्यांच्याकडे विहिरींचा भरपूर साठा आहे. ते माझ्याकडे पाहून हसत होते. शेखरचं पान मी उघडून ठेवलं होतं ते तसंच होतं. मनात आलं, माझ्या अकलेपायी याचं उरलंसुरलंही मी घालवलं.

जेवणानंतर एक मुलगी आली. बत्तीसेक वर्षांची, बरोबर बाप नाही, काका नाही, हातात पाण्याची बाटली. नाव वर्षाली. नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यात कापड तपासायचं काम करते. तिचं नाव माझ्याकडे होतं, तिच्या मामांनी दोन महिन्यांपूर्वी दिलेलं. तिला ते पाहायचं होतं. मी फोनवर उघडून दिलं.

"सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, मितभाषी," तिने मोठ्याने वाचलं. "कोण हाये हे बाई?"

"मामायनं सांगतलं तसं लिह्यलं."

"मी अन् मितभाषी! आमच्या खात्यात मशीनीच्या आवाजावर माहा आवाज ऐकू येते." ती खुर्ची ओढून बसली आणि बोलायला लागली. कारखान्याबद्दल, मामाबद्दल, आतापर्यंत पाहून गेलेल्या सहा जणांबद्दल, ज्यांतल्या चौघांनी तिच्या पगाराची चिठ्ठी मागितली आणि एकाने तिच्याकडून कागदावर सही करून घेतली, अक्षर पाहायला. मी तिचंही जुनं पुसून नवं लिहू लागले. मध्येच ती थांबली आणि टॅबलेटवर उघडं असलेलं शेखरचं पान तिने वाचायला घेतलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे तुमी लिह्यलं का त्यानं?"

"तो बोलला तसं. माहा भाचा हाये."

"फोन लावा बरं त्याले."

आता अशी पद्धत नसते. आधी घरचे बोलतात, मग मी बोलते, मग पत्रिका. पण तिने बाटली टेबलावर ठेवून हात पुढे केला होता. मी फोन लावला.

"मावशी, ओलीत चालू हाये, तुरीले पाणी देऊन राहिलो," शेखर पलीकडून ओरडला. "कोणाले काय दाखवाचं हाये?"

"काही नाही दाखवाचं. एका पोरीले तुयाशी बोलाचं हाये."

मोटरचा आवाज येत होता. मग तो बंद झाला. "कोणाशी?" त्याने विचारलं.

"तुयाशी, म्हटलं ना."

"काय बोलाचं हाये?"

मी वर्षालीकडे पाहिलं, काय सांगू म्हणून. तिने माझ्या हातातून फोनच घेतला, उठली आणि खिडकीशी गेली. "येत्या गुरुवारी मले सुट्टी हाये," एवढं मला ऐकू आलं, आणि मग तिचं हसणं.

नत्थुजींनी मान लांब करून विचारलं, "काय चालू हाये हो तिकडं?"

"मले काय माईत," मी म्हणाले. "मले कोणी काही इचारलंच नाही." आणि दहा वर्षांत पहिल्यांदा मला इतकं बरं वाटलं की मी पार्बताला फोन करायला निघाले, तेव्हा लक्षात आलं, फोन वर्षालीकडे आहे.