चिमीचा कान

चिमीच्या दर वाढदिवसाला हॉलच्या भिंतीवर तिचा नवा फोटो लागायचा. तो तिची आई काढायची. आई गेली आणि फोटो थांबले. यंदा तिच्या सावत्र आईने तो मी काढते म्हणून सांगितलं. लग्नाला वर्ष होऊन गेलं, तरी सासूबाई तिला 'नवी'च म्हणत.

"काढ की," सासूबाई म्हणाल्या. "रविवारी वाढदिवस. तोवर जमला तर जमला, नाहीतर स्टुडिओवाल्याला बोलावते. परका का असेना, फोटो तरी धड काढतो."

नवीला हे चांगलंच झोंबलं. हा फोटोही परक्याने काढला, तर आपण या घरात कोण?

रोज शाळा सुटली की ती चिमीला खिडकीशी बसवू लागली. चिमी बसायची, पण तोंडातून ब्र काढायची नाही. हाक मारायची वेळ आलीच तर "काकू" म्हणायची, शेजारणीला म्हणावं तसं. आणि फोटो रोज पुसट. नवीने लेन्स पुसली, कोपरं टेबलावर टेकवली, कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर ठेवला. काही फरक नाही. आल्यागेल्या पाहुण्यांसमोर सासूबाई विचारत, पोर धुक्यात हरवलीय का गं?

शनिवारी तिने सगळे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. डोळे पुसट, नाक पुसट. कान मात्र स्वच्छ, त्यातल्या बाळीवरचा ओरखडासुद्धा दिसत होता. प्रत्येक फोटोत तेच. म्हणजे हात हलत नव्हता, हात हलला असता तर कानही पुसट आला असता. चेहरा पुढे येत होता. लेन्सचं तोंड नवी ठेवायची तसं पूर्ण उघडं ठेवलं, की फोकसच्या जागचा जेमतेम बोटभर जाडीचा भाग स्पष्ट येतो. डोळ्यांवर फोकस बसला की कॅमेरा 'बीप' करायचा, आणि नवी बटण पूर्ण दाबेपर्यंत चिमी हळूच पुढे झुकायची. डोळ्यांच्या जागी कान येऊन बसायचा.

एखाद्या वेळी चुकून झालं म्हणता आलं असतं. रोज नाही.

नवी रागावली नाही, कुणाला काही बोललीही नाही. रविवारी सकाळी तिने बीप बंद केला, लेन्सचं तोंड थोडं बारीक केलं, उजेडासाठी खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला आणि शटरचा वेग वाढवला. चिमी नेहमीसारखी बसली, बीपची वाट बघत. तो वाजलाच नाही. फोटो निघाला.

पापणीचा केस न् केस वेगळा दिसत होता. आणि त्या पापण्यांमधून चिमी अशी बघत होती, की सासूबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "हा हॉलमध्ये लावायचा? लोक म्हणतील, पोरीचा छळ चाललाय," असं म्हणत त्या स्टुडिओवाल्याला फोन लावायला उठल्या.

चिमीने कॅमेरा ओढून घेतला आणि फोटो निरखून पाहिला.

"आवाज बंद केलात ना?"

"हो."

"कशावरून कळलं तुम्हाला?"

"तुझ्या कानावरून."

चिमीचा हात कानाकडे गेला. तिला हसू येत होतं, ते तिने गिळलं.

"आजी, स्टुडिओवाला नको. तो उगाच हसायला लावतो. हाच लावायचा."

"अगं, किती रागाने बघतेयस यात."

"बघतेच मी तशी." हे ती नवीकडे पाहून म्हणाली.

सासूबाईंनी फोन खाली ठेवला. नवीने चिमीला विचारलं, प्रिंट केवढी काढायची?

"मोठी," चिमी म्हणाली. "सगळ्यांना दिसायला हवं."