इंजिनाची बोलणी

तिवाने पिशवीतून जिनची चौकोनी हिरवी बाटली काढली आणि जुन्या नटबोल्टांच्या ढिगाशेजारी, फोफ्ये आजीच्या पायांपाशी ठेवली.

आजीने बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. गल्लीत कोणाला तोंडावर बोलवत नसलं की तो आजीला बाटली द्यायचा, आणि आजी मधे बसून त्याच्या वतीने बोलायची.

"नवऱ्याशी भांडलीस?"

"नाही हो आजी. डोन्कोरमामांशी बोलायचंय. माझ्या तोंडून नाही निघायचं. तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"गाडीचं इंजिन बदलायचं ठरवलंय म्हणून."

आजीने हातातला बोल्ट गोणपाटावर ठेवला. सुआमे या गॅरेजांच्या वस्तीतल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की तिवाची पिकअप एकोणीस वर्षं डोन्कोर फिटरच्या हातात आहे. दोनदा त्याने तिचं इंजिन पार खोलून, बोअर मारून, नव्या रिंगा-पिस्टन घालून पुन्हा बांधून दिलं होतं. पलीकडच्या शेडमध्ये परदेशातून उतरलेल्या जुन्या इंजिनांचे ढीग पडलेले असत. त्या शेडवरून जाताना डोन्कोर हमखास थुंकायचा.

आता गाडी पुन्हा धूर ओकत होती. टेचिमानहून भाजीची केळी भरून येताना चढावर धापा टाकायची. गेल्या आठवड्यात दोन दिवस रस्त्यातच उभी राहिली आणि अर्धा माल काळा पडला. आणखी एक अशी खेप वाया गेली तर बाजारातली तिची जागा दुसऱ्या बाईला जाणार होती.

"घाई आहे एवढंच कारण?" आजीने विचारलं.

तिवाने मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग एका दमात तिने सांगून टाकलं. मागच्या वर्षी मामांनी बांधलेलं इंजिन महिन्याभरात हेडच्या सांध्यापाशी तेल गळायला लागलं होतं. तिने ते टेचिमानला गुपचूप दुसऱ्याकडून नीट करून घेतलं. मामांना तोंडावर सांगायचं म्हणजे तुमचा हात गेला असंच सांगायचं. त्यापेक्षा केळी विकणं सोडलेलं बरं.

"उद्या दुपारी ये," आजी म्हणाली. "जेवून ये. उपाशी माणसं लवकर रडतात."

दुसऱ्या दिवशी डोन्कोरच्या पत्र्याखाली तिघं बसली. आजी मधे, दोन बाजूंना ती दोघं, एकमेकांपासून हातभर अंतरावर. डोन्कोरच्या अंगातल्या निळ्या डगल्यावर तेलाचा एक डाग नव्हता. आजीने बाटली फोडली, गेलेल्यांच्या नावाने चार थेंब जमिनीवर सांडले आणि स्वतः दोन घोट घेतले.

"आजी, मामांना सांगा," तिवा म्हणाली, "इंजिन बदलावं म्हणते."

"डोन्कोर, ऐकलंस?"

"ऐकलं."

"तरी सांगते, मला सांगायचीच बाटली मिळालीय. ही म्हणते, केळी थांबत नाहीत. बांधायला तीन आठवडे लागतात, बदलायला दोन दिवस. तर रागावू नकोस."

टेचिमानचं आजीने नावही काढलं नाही. तिवाला तिचे पाय धरावेसे वाटले.

डोन्कोरने दोन्ही हात मांड्यांखाली सारले.

"आजी, तिला विचारा, हेडचं गॅस्केट दुसऱ्या कोणी बदललं?"

तिवाचा चेहरा उतरला.

"तेल बदलताना दिसलं मला, सांध्याला लाल पेस्ट लावलीय," तो म्हणाला. "मी जन्मात काळीच लावली."

"मामा, मी..."

"माझ्याशी बोल," आजी म्हणाली.

"आजी, त्यांना सांगा, माझं चुकलं. लपवायला नको होतं."

"सांगेन. आधी दुसरं उरकू दे." आजीने टोपलीतून आणखी एक बाटली काढली, तशीच हिरवी, बूचसुद्धा न काढलेली. "ही डोन्कोरची. रविवारी चर्चमधून थेट माझ्याकडे आला होता. म्हणाला, तिवा गाडी घेऊन येईल, बांधून द्या म्हणेल, आणि मला नाही म्हणवणार नाही. बोटांना मुंग्या येतात. दीड वर्ष झालं, बोल्ट आवळला की नाही ते कळत नाही. काहीही करा आजी, पण तिला इंजिन बदलायला लावा."

तिवा आ वासून बघत राहिली.

"आणि काल तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"त्याचं तुला चोरून सांगितलं असतं तर तुझंही कोणाला सांगितलं असतं. मग कोण येईल गं माझ्याकडे?"

डोन्कोरच खुदकन हसला. "ती लाल पेस्ट दिसली ना, तेव्हा बरं वाटलं होतं मला. म्हटलं, पोरीला अक्कल आहे. चढावर कुठे मरायची नाही."

तिवाचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांना पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही. 

"पण हे गल्लीत कळलं तर संपलो मी," डोन्कोर हळू आवाजात म्हणाला. "हाताखालची तिघं जण दुसरा वस्ताद शोधतील."

"त्यांचे हात आहेत, इंजिनाचा आवाज ओळखायला तुमचे कान आहेत," तिवा म्हणाली. "ते इंजिन निवडायला तुम्हीच चला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

आजीने मान डोलावली आणि दुसरी बाटली मुकाट्याने टोपलीत ठेवली.

दोघं गल्लीत आली आणि शेडच्या दिशेने वळली. समोरचा वेल्डर लगेच काम थांबवून उभा राहिला.

"काय वस्ताद, आज त्या शेडकडे? बरं आहे ना?"

डोन्कोरचं पाऊल अडलं. वेल्डरच्या मागे आणखी दोघं मान वर करून बघत होते.

"मी नेतेय ओढून," तिवा मोठ्याने म्हणाली. "बांधून देतो म्हणून किती सांगितलं त्यांनी. मीच ऐकत नाही. मला धीर नाही."

"एकोणीस वर्षं ज्याने गाडी जगवली त्याचं ऐकत नाहीस? कसली गं तू बाई."

"सांगून सांगून थकलो," डोन्कोर म्हणाला. त्याचा आवाज आधी जरा चाचरला, मग चढला. "आजकाल सगळ्यांना सगळं आयतं हवं. इंजिन काय केळं आहे, झाडावरून तोडलं की झालं?"

मग तो थांबेचना. ती माल किती भरते, तेल कधी बदलते, चढावर क्लचवर पाय ठेवून कशी बसते, सगळं त्याने गल्लीच्या टोकापर्यंत जाहीर केलं. तिवा एक पाऊल मागे राहून, मान खाली घालून चालत होती. क्लचचं मात्र त्याचं खरं होतं.